अक्का गेली म्हणून सोमवार जातंय काय

फोन आला तेव्हा मी जीएसटीच्या रिटर्नमध्ये मान घालून बसले होते. ऑक्टोबरची वीस तारीख, बेळगावच्या उद्यमबागेतली आमची फाउंड्री, बाहेर साचे फोडायचा धडधडाट आणि आत पंख्याखाली उडू नयेत म्हणून बिलांवर ठेवलेले कास्टिंगचे तुकडे. अनोळखी नंबर होता, उचललाच नसता, पण पोरीच्या कॉलेजमधनं असेल म्हणून उचलला. पलीकडं एक बाई. मागं पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता आणि भर दुपारी एक कोंबडा आरवत होता. "सोमवारी येतीस न्हवं?" मी म्हटलं कोण बोलतंय. तर नाव वगैरे काही नाही, "तू अक्काची भाची न्हवं? तुझा नंबर अक्कानंच लिहिलाय की भिंतीवर, खडूनं." मी म्हटलं अहो, आत्या गेली, दीड महिना होऊन गेला. "ठाऊक हाय की. मातीला आलोतो आम्ही, टेंपो करून." मग जरा वेळ नुसती गिरणीच ऐकू आली. आणि मग म्हणाली, "अक्का गेली म्हणून सोमवार जातंय काय?"

मी म्हटलं, बघू.

रिटर्न भरलं, चलन निघालं, संध्याकाळी रेल्वे गेटवर नेहमीसारखी गाडी बंद करून फाटक उघडायची वाट बघत थांबले, आणि तेव्हा ते "बघू" परत तोंडात आलं, कडवट गोळी नीट गिळली गेली नाही की येते तसं. आपल्या भाषेत या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. नाही म्हणायचं नाही, हो पण म्हणायचं नाही, आणि समोरच्यालाही कळतं की याचा अर्थ नाही आहे, तरी दोघांची अब्रू राहते. कन्नडमध्ये "नोडोण" म्हणतात, ते पण बघूच. बेळगावात तर आम्हाला दोन्ही भाषांत टाळता येतं, सीमाभागाचा एवढा फायदा आहे. आमच्या पाळक साहेबांनी मला संडे स्कूल घेशील काय म्हणून विचारलं तेव्हा मी बघू म्हटलं, त्याला आता नऊ वर्षं होतील, आणि ते पाळक साहेब बदली होऊन गेले, त्यांच्यानंतरचे पण गेले.

बायबलमध्ये लूकच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी ती तीन माणसं आहेत ना, ती मला लहानपणापासून बिचारी वाटायची. एक आपणहून म्हणतो मी येतो, त्याला येशू सांगतो की खोकडांना बिळं आहेत पण मला डोकं टेकायला जागा नाही. दुसऱ्याला तो म्हणतो माझ्यामागे ये, तर तो म्हणतो पहिल्याने मला जाऊन बापाला पुरू दे. तिसरा म्हणतो येतो, पण पहिल्याने घरच्यांचा निरोप घेऊ दे, आणि त्याला ते नांगराचं वाक्य ऐकावं लागतं, हात घालून मागं बघणारा देवाच्या राज्याला योग्य नाही म्हणून. मला वाटायचं काय चुकीचं मागितलं हो यांनी? बापाची माती करणं, घरी सांगून निघणं, आपल्याकडं तर याला संस्कार म्हणतात. फाटकापाशी थांबले असताना लक्षात आलं की त्यांच्या बोलण्यात निरोप आणि माती महत्त्वाची नाहीच, "पहिल्याने" महत्त्वाचं आहे. मागचे ते दोघं पण बघूच म्हणत होते, जरा सभ्य मराठीत. मग गाडी गेली, वास्कोची होती बहुतेक, आणि मागच्यानं हॉर्न मारला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मराठी शाळेत शिक्षिका होती, खानापूर तालुक्यातल्याच पाचसहा गावांत नोकरी झाली, रिटायर झाल्यावर बेळगावला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली. आली म्हणजे झोपायला आली. दर सोमवारी सकाळी सातला ती बाहेर पडायची. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री, बारा महिने छत्री, उन्हाळ्यात ऊन म्हणून आणि थंडीत कुत्री म्हणून. बेळगावहून खानापूर, तिथनं दुसरी बस, मग चालत अर्धा तास. सोमवारच का, तर त्या भागात अजून बऱ्याच घरांतनं सोमवारी बैल जुंपत नाहीत. बैलांना सुट्टी म्हणजे बायकांनाही तासभर सवड, असं तिचं गणित. आता बैल तरी कुठं राहिलेत, ट्रॅक्टरला सोमवार नाही आणि मंगळवार नाही. पण सवडीचा वार मात्र तोच राहिला.

मिशनच्या काळात अशा बायकांना बायबल बाई म्हणायचे. घरोघर जाऊन वाचायला शिकवायच्या, शुभवर्तमान वाचून दाखवायच्या, बाळंतिणीला काय द्यायचं ते सांगायच्या, थोडा पगार मिळायचा. आत्याच्या वेळेला ना मिशन राहिलं होतं ना पगार. तिला कुणी पाठवलं नव्हतं, चर्चच्या कुठल्या कॉन्फरन्सच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. जिनं हे काम तिच्यावर टाकलं ती एक म्हातारी होती, आत्याच्या पहिल्या नोकरीच्या गावातली, शेवटची पगारी बायबल बाई. गुडघे गेल्यावर तिनं आत्याला सांगितलं म्हणे, "पुढच्या सोमवारी तू जाऊन ये, मला बरं वाटलं की मी जाईन." तिला बरं वाटलंच नाही. आत्याचं पाचारण ते एवढंच. मी तिला एकदा विचारलं होतं, आवाजबिवाज ऐकला काय गं, दर्शन वगैरे? सभांमध्ये साक्ष देताना लोक सांगतात ना, रात्री दोन वाजता खोली उजेडानं भरली. आत्या शेंगा सोलत होती, म्हणाली, "मला बसचा टाइम ऐकू आला."

मला तिची लाज वाटायची, हे लिहायला हवं. लाज म्हणजे अगदी लाज नाही, पण ऑफिसात कुणी विचारलं की आत्या काय करतात रिटायर होऊन, तर मी म्हणायचे समाजसेवा. एकदा नाही, तीनचार वेळा तरी म्हटलंय. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता, आमच्या ऑफिसच्या आसपास कोंबडा नाही एवढंच.

आणि काळ तसा होता. डिसेंबर २०२१ मध्ये इथंच, आमच्या बेळगावच्या सुवर्ण सौधमध्ये, हिवाळी अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत पास झालं. तेवीस तारीख होती, नाताळला दोन दिवस. आम्ही घरात करंज्या तळत होतो आणि टीव्हीवर कन्नड चॅनेल ओरडत होतं. पुढं कायदा झाला. कायद्यावर इथं भांडत बसायचं नाहीये, जबरदस्तीनं नाहीतर पैसे दाखवून कुणाचा धर्म बदलू नये हे मलाही पटतं, आत्यालाही पटायचं, पण कुणाच्या ओसरीवर पाच बायका पुस्तक उघडून बसल्या तर बाहेरून जाणाऱ्याला ते काय दिसेल याची भीती कायद्याच्या कलमात नसते, ती हवेत असते. माझे वडील म्हणाले बस झालं आता, घरी बस. मी काही बोलले नाही पण मला बरं वाटलं की ते बोलले. आत्या एक सोमवार गेली नाही. दिवसभर मागच्या खोलीत भांडी घासत होती, घासलेलीच परत. पुढच्या सोमवारी गेली. म्हणाली, "मी कुणाला बाटवायला जात नाही, वाचायला जाते. त्यातल्या तिघी चर्चच्या मंडळीतल्या आहेत, चौघी नाहीत, आणि त्या चौघींनी आजवर मला काही विचारलं नाही, मी पण त्यांना विचारलं नाही. त्या का येतात ते त्यांना माहीत आणि प्रभूला माहीत."

जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली, बायकांना सरकारी बस फुकट, तेव्हा ती लहान पोरीसारखी खूश झाली होती. येशू शिष्यांना पाठवताना सांगतो ना, पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. आत्या आधारकार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घ्यायची आणि घरी येऊन म्हणायची, बघ, आता खरंच पिशवी लागत नाही. तिकिटं जपून ठेवायची. पुस्तकात खुणेला.

ती गेल्यावर कपाट आवरायचं काम माझ्याकडं आलं. कपाट म्हणजे काय, चार साड्या, एक स्वेटर, पेन्शनची फाइल. आणि ती पिशवी. पिशवीत मराठी नवा करार, कन्नड नवा करार, गाण्यांचं पुस्तक ज्याची पाठ सुटलीये, चष्म्याचं घर, अमृतांजनाची बाटली, पेपरमिंट, आणि एक दोनशे पानी वही. वही उघडली तर मला वाटलं प्रवचनाचे मुद्दे असतील. मी अकाउंट्सवाली, मला पहिल्या पानावरच कळलं की ही खातेवही आहे. डाव्या बाजूला माणसं, उजव्या बाजूला काम, आणि झालं की बरोबरची खूण. माणसांची नावं नाहीत. "वळणावरची", "गिरणीवाली", "दोन जावा", "मोतीबिंदू", "मुंबईहून आलेली". आणि कामं म्हणजे, "रेशनकार्डावर वय चुकलंय", "पोरीची फी, मार्चपर्यंत थांबतील काय विचारणे", "सासूशी बोलत नाही, दोघींना वेगवेगळं भेटणे", "नवरा गेला, वर्ष होईल १२ तारखेला, त्या दिवशी जाणे". पान संपलं की खाली "पुढे नेले" आणि नव्या पानाच्या डोक्यावर "मागील पानावरून पुढे", अगदी शाळेच्या जमाखर्चासारखं, रेघ मारून. पुढे नेलेल्यांची यादी प्रत्येक पानावर लांब होत गेलीये. शेवटच्या पानावर अकरा.

अकरा जणी मागील पानावरून पुढे, आणि पुढचं पान कोरं.

मी वही परत पिशवीत घातली आणि पिशवी कपाटाच्या वर टाकली, जिथं आम्ही नाताळचा तारा ठेवतो.

बेळगावात ख्रिस्ती माणसाला वारशाबद्दल सांगायला बरंच असतं, आणि मिरवायलाही. १८२० मध्ये लंडन मिशनचा टेलर बळ्ळारीहून इथं आला, तिथनं आमची गोष्ट सुरू होते. दोनशे वर्षं झाली तेव्हा, २०२० ला, आम्ही सगळे घरात कोंडलेले, मोबाइल कुकरला टेकवून उपासना बघत होतो. आत्याचा खास अभिमान म्हणजे बाबा पदमनजी, कारण ते बेळगावात जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये इथंच बाप्तिस्मा घेतला. मराठीतली पहिली कादंबरी ज्यांची मानतात तो माणूस आपला, असं ती एसटीत शेजारी बसलेल्या कुणालाही सांगायची. समोरचा समितीवाला निघाला की बेळगाव महाराष्ट्रात का यायला पाहिजे याचं त्याला अजून एक कारण मिळायचं, आणि मग त्या दोघांचं खानापूरपर्यंत पटायचं.

पण ती ज्यांच्याबद्दल मिरवायची नाही, हळू बोलायची, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाई पण तशा सीमेवरच्याच, मराठी घर आणि जन्म कर्नाटकातल्या घाटातला. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या बायका-पोरी आणून वसवल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली, का, तर खेड्यातल्या न शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी पाहिजे म्हणून. त्यांच्यामागं हे सगळं मुलगी मनोरमा बघणार होती. ती १९२१ ला गेली. आईच्या आधी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये, दोघींच्या मागं. आत्या म्हणायची, विचार कर, ज्या पोरीवर सगळं टाकायचं ती पुढ्यात गेली, आणि ही बाई तरी टेबलाशी बसून प्रुफं बघतीये. एवढं बोलून ती माझ्याकडं बघायची नाही, मुद्दाम दुसरीकडं बघायची. मला कळायचं. मी विषय बदलायचे, चहा टाकू काय म्हणायचे.

मातीच्या दिवशी पाऊस होता. ऑगस्ट संपत आलेला, कबरस्तानात लाल चिखल, पेटीखालचे दोर हातातनं निसटत होते. पाळक साहेबांनी जे वाचतात तेच वाचलं, तीमथ्याला पौलानं लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, "जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपविली आहे, विश्वास राखला आहे." आमच्यात निम्म्या मयतांना हेच असतं. वाचून पुस्तक मिटलं. मूठमूठ माती. त्या टेंपोवाल्या बायका मागं उभ्या होत्या, डोक्यावर खतांच्या पोत्यांच्या खोळी घेऊन, आणि त्यातली एक रडत नव्हती, नुसती माझ्याकडं एकटक बघत होती. तीच गिरणीवाली, हे नंतर कळलं.

फोननंतर तीन सोमवार गेले. पहिल्या सोमवारी ऑडिटर येणार होते, खरंच येणार होते. दुसऱ्या सोमवारी दिवाळी. तिसऱ्या सोमवारी काही नव्हतं. त्या दिवशी मी ऑफिसात सारखी घड्याळ बघत होते, आता ती गिरणी बंद करून ओसरी झाडत असेल, आता वाट बघणं सोडलं असेल. रात्री जेवण जाईना. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी म्हटलं ॲसिडिटी. तो म्हणाला, "सोमवारची ॲसिडिटी आहे ती." तसा तो चर्चला नाताळ आणि ईस्टरला येणारा माणूस. म्हणाला, जाऊन सांगून ये ना सरळ, की मला जमणार नाही, एकदा जाऊन नाही म्हणून ये, विषय संपेल. मला ते पटलं. म्हणजे मी निघाले ती नाही म्हणायला निघाले, हे नीट लक्षात घ्या, नाहीतर कुणीतरी माझी साक्ष करून टाकेल.

जुन्या करारातली अलीशाची गोष्ट त्या रात्री परत वाचली. बारा जोड्या औताला लावून तो नांगरत होता, एलीया जवळनं जाता जाता त्याच्या अंगावर झगा टाकून पुढं चालू पडला. याला पण आईबापाचा निरोप घ्यायचाय. पण याला एलीया जाऊ देतो. आणि हा परत जाऊन बैलांची जोडी कापतो, औताच्या लाकडावरच शिजवतो आणि लोकांना जेवू घालतो. शेतकऱ्यानं स्वतःची जोडी कापायची म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला समजवायला प्रवचन लागत नाही. मागं फिरायला काही उरू नये म्हणून केलं असं सांगतात. मी ते वाचलं आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर हाफ डेचा मेसेज टाकला. माझी जोडी मी कापली नाही, अर्ध्या दिवसासाठी दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली.

नोव्हेंबरचा मध्य, हवेत गारवा. खानापूरपर्यंत बसमध्ये कॉलेजची पोरं, पुढच्या बसमध्ये कोथिंबिरीची गाठोडी आणि एक शेळी. शून्याचं तिकीट घेतलं. मच्छेच्या पुढं कारखान्यांची शेडं संपतात आणि एकदम भाताचा वास येतो, कापलेल्या पेंढ्यांचा, थोडा गोड, थोडा धुळीचा. सुगी चालू होती. खानापूरनंतर पूर्वेकडं वळलं की बसमधली भाषा हळूहळू बदलत जाते, आधी "काय ओ" ऐकू येतं, मग "हौद री", आणि मध्ये एक दहा किलोमीटरचा पट्टा असा आहे की तिथं एका वाक्यात दोन्ही असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पाट्यांवरनं भांडणं शहरात होतात. त्या पट्ट्यातच ते गाव. पिशवी खांद्याला लावली होती, आत्यापेक्षा मी उंच, पट्टा आखूड पडला आणि पिशवी बरोबर काखेत आली, अर्धा तास काख घासत चालले.

गिरणीवालीनं मला बघून काही आनंदबिनंद दाखवला नाही. "उशीर केलास" एवढंच म्हणाली, आणि गिरणीचा खटका खाली ओढला. त्या शांततेत मला माझं ठरवलेलं वाक्य बोलायचं होतं, की हे बघा मावशी, मी नोकरीवाली. पण तोवर बायका यायला लागल्या. हात पुसत, पदरानं भुसा झटकत. एकीच्या डोळ्याला हिरवी पट्टी, म्हणजे ही मोतीबिंदू. दोन जावा एकमेकींपासून लांब बसल्या. मी वहीतल्या माणसांना पहिल्यांदा चेहरे लागताना बघत होते, ट्रायल बॅलन्समधली खाती उठून चालत आल्यासारखं. भिंतीवर खडूनं माझा नंबर, शेवटचा आकडा पुसट. खाली आत्याचं अक्षर, शाळेतलं, गोल. "भाची."

काय बोलायचं मला माहीत नव्हतं, प्रार्थना तर चारचौघांत मी कधी केलेली नाही. वळणावरची म्हणाली, खूण असंल बघ. नवा करार उघडला तर बसचं तिकीट निघालं, आणि पान होतं तीमथ्याला दुसरं पत्र, अध्याय चौथा. दर सोमवारी एक अध्याय असं ती करायची, तीन झाले होते. मला असे योगायोग आवडत नाहीत, लोक त्यावर पंधरा मिनिटं बोलतात, म्हणून मी काही न बोलता सरळ वाचायला लागले. धाव संपविली आहे, विश्वास राखला आहे. इथं थांबायची सवय कबरस्तानातनं लागलेली. पण पत्र थांबत नाही हो. इतकी वर्षं ऐकून मला हे माहीतच नव्हतं. एक ओळ सोडून म्हातारा पौल म्हणतो, लवकर ये. देमास मला सोडून गेला, त्याला हे जग प्रिय झालं. क्रेस्केस गेला, तीत गेला, एकटा लूक तेवढा जवळ आहे. मार्कला घेऊन ये, तो उपयोगाचा आहे. हा मार्क म्हणजे तोच ना, जो पहिल्या फेरीत मध्येच सोडून घरी गेला होता आणि ज्याच्यावरनं पौल आणि बर्णबाचं एवढं वाजलं की दोघं दोन दिशांना गेले. त्यालाच आता आण म्हणतोय. मी देमासपाशी अडखळले होते, मार्कपाशी जरा श्वास घेतला. आणि मग, त्रोवसात कार्पाच्या घरी माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये.

"थांब, थांब," गिरणीवाली म्हणाली आणि उठून आत गेली.

आली ती छत्री घेऊन. आत्याची, काळी, एक काडी मोडलेली आणि तिथं पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. शेवटच्या सोमवारी आत्याला तिथं चक्कर आली होती, हिच्या पोरानं गाडीतनं बेळगावला आणून सोडलं, गडबडीत छत्री राहिली. आम्ही घरी सगळीकडं शोधली होती, मग वाटलं बसमध्ये गेली असेल. "मातीला आणणार होतो," ती म्हणाली, "मग म्हटलं न्हाई. कोण न्यायला येतंय बघूया." बाकीच्या बायका हसल्या, जावा पण हसल्या, एकदम दोघी. मी छत्री मांडीवर घेतली आणि उरलेला अध्याय वाचला, आलेक्सांद्र तांबटानं कसा त्रास दिला, कोण कुठं आजारी राहिला, कोणाला सलाम सांग. हिवाळ्यापूर्वी येण्याचे होईल तितके कर. मोतीबिंदूवाली म्हणाली, म्हणजे ह्येला पण थंडी वाजत होती. एवढंच त्या अध्यायावर भाष्य झालं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या प्रवचनांतलं एकही मला इतकं नीट लक्षात नाही.

प्रार्थना मी केली नाही, वळणावरचीनं केली, अर्धी मराठी अर्धी कन्नड, त्यात पावसाचं, भाताच्या भावाचं, तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं सगळं आलं आणि मध्येच "हिचं डोकं शांत कर" असं माझ्याबद्दल पण आलं. मग चहा, गुळाचा, त्यात सुंठ जास्त. माझं ते वाक्य तोंडाशी दोनदा आलं. दोन्ही वेळा कुणीतरी मध्ये बोललं. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळेला कुणी बोललं नव्हतं.

निघताना पुढच्या सोमवारी येतीस काय असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बघू म्हणाले असते. त्यांनी सामान सांगितलं. परतीच्या बसमध्ये छत्री कुठं ठेवावी कळेना, सीटबाहेर टोक येत होतं, कंडक्टर म्हणाला, "छत्री वळग इट्कोरी, अक्का." आत ओढून घेतली. मग वही काढली, बस हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं. कोऱ्या पानाच्या डोक्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: मोतीबिंदू, दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारणे. वळणावरचीला कन्नड नवा करार, मोठ्या अक्षराचा. अमृतांजन. गिरणीवालीला कुकरची रिंग, पाच लिटरची, जुनी नमुन्याला बरोबर दिलीये.